मोखाड्याच्या माथी मारलेला दोष

जंतू औषधांना दाद देईनासे झाले की दोषी कोण, हे आपल्याकडे आधीच ठरलेले असते. गोळ्या अर्ध्यात सोडणारा, भगताकडे जाणारा, दुकानातून दोन कॅप्सुला मागून नेणारा खेडूत. तो आदिवासी असला तर चौकशीचीही गरज उरत नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याविषयी हा युक्तिवाद वारंवार कानी पडतो आणि त्याला जोडूनच आणखी दोन विधाने येतात. हृदयाच्या झडपेला अशा दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला, तर तो आजार मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाचा. आरोग्य केंद्राने आणि कुटीर रुग्णालयाने रुग्ण पुढे पाठवावा, एवढेच त्यांचे काम. आणि यावरचा खरा उपाय म्हणजे अधिक जोरकस, नवे औषध.

मला ही तिन्ही विधाने अमान्य आहेत. पहिले विधान तर संतापजनक वाटते, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

मेथिसिलिन हे औषध १९५९-६० च्या सुमारास वापरात आले आणि १९६१ साली इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस नोंदवला गेला. आज जगभर एमआरएसए नावाने ओळखला जाणारा जंतू तो हाच. तो कुठल्या पाड्यावर सापडला नाही, रुग्णालयातल्या नमुन्यांत सापडला. व्हँकोमायसिनला दाद न देणारे एन्टेरोकॉकस १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि फ्रान्समधल्या रुग्णालयांतच आढळले. जिथे औषध सर्वाधिक ओतले जाते तिथे प्रतिरोध निवडला जातो, हा या शास्त्रातला प्राथमिक नियम आहे. अतिदक्षता विभाग, कोंबड्यांची मोठी खुराडी, औषध कारखान्यांचे सांडपाणी ही ती ठिकाणे. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिनसारखे अखेरच्या फळीतले औषध मिसळायला भारतात २०१९ साली बंदी आली. तोवर ते खाद्यात मिसळले जात होते. कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे अवशेष किती चालतील याच्या मर्यादा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये मसुद्यात घातल्या आणि ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या गाळून टाकल्या. पालघर जिल्ह्यातच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथे औषधनिर्मितीचेही कारखाने आहेत आणि २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात ती देशात पहिल्या क्रमांकावर होती. जिल्ह्याच्या एका टोकाला हे चालते आणि दुसऱ्या टोकाच्या डोंगरातल्या माणसाला आपण औषधांचा गैरवापर करणारा ठरवतो.

आता पुराव्याचे पाहू. देशातल्या प्रतिरोधाचे जे आकडे आपण भाषणांत ऐकतो, ते प्रामुख्याने आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, निगराणी जाळ्यातून येतात. या जाळ्यानुसार स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधला एमआरएसएचा वाटा २०१६ साली तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता, तो २०२१ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला. काळजी करावी असाच हा आकडा आहे. पण ते नमुने मुख्यतः शहरांतल्या मोठ्या, तृतीय स्तराच्या रुग्णालयांचे आहेत. वाशाळा, मोऱ्हांडा, साखरशेत, जामसर इथल्या आरोग्य केंद्रांतला रुग्ण त्यात मोजलाच जात नाही. ज्याचे रक्त कधी तपासले नाही, त्याच्या अंगातल्या जंतूंवरून त्याला दोषी ठरवण्याचा अधिकार कुणाला?

अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांचा मुद्दाही वाटतो तितका पक्का नाही. कोर्स लवकर थांबवल्याने प्रतिरोध वाढतो, या समजुतीला फारसा आधार नाही आणि गरजेपेक्षा लांबलेला कोर्सच अधिक नुकसान करतो, असे २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटिश तज्ज्ञांच्या एका गटाने मांडले. त्यावर वाद झाला, आजही आहे. पण ज्या गोष्टीवर तज्ज्ञांत वाद आहे, ती पाड्यावरच्या बाईला आरोप म्हणून ऐकवणे बंद व्हायला हवे.

हृदयाच्या झडपांचा संसर्ग मात्र याला ठाम अपवाद आहे. तिथे कोर्स पुराच करावा लागतो, आणि का, ते समजून घेतले पाहिजे. झडपेला आधी इजा झालेली असेल तर तिच्यावर रक्तातल्या तंतूंचा बारीक थर बसतो. दाताच्या मुळातून, त्वचेवरच्या गळवातून किंवा शिरेत घातलेल्या नळीतून रक्तात शिरलेले जंतू त्या थरात घर करतात. ओढ्यातल्या दगडाला शेवाळ धरावे तसे ते झडपेला चिकटून वाढतात. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी आत पोहोचत नाहीत; थराच्या आतले जंतू सुस्तावलेले असतात आणि बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जंतूंनाच नीट मारतात. म्हणून शिरेतून, मोठ्या मात्रेत, चार ते सहा आठवडे औषध द्यावे लागते. थराचा तुकडा सुटून मेंदूत गेला की अर्धांग, झडप फाटली की हृदय निकामी. उत्तम रुग्णालयांतही पाचातला साधारण एक रुग्ण दगावतो.

या आजाराची पहिली पायरी आपल्या भागात बहुधा कुठे असते? लहानपणी दुखलेल्या घशात. गट-अ स्ट्रेप्टोकॉकसने घसा सुजतो, काही मुलांत त्यानंतर ताप येतो, सांधे सुजतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. हा ऱ्हुमॅटिक हृदयविकार. दाटीची घरे, वीटभट्टीवरच्या झोपड्या, आश्रमशाळेतली एकाला एक लागून पडलेली अंथरुणे, तिथे हा जंतू फिरतो. आणि इथेच एक गोष्ट आहे, जी या चर्चेत कुणी सांगत नाही. ऐंशीहून अधिक वर्षे पेनिसिलिन वापरूनही हा जंतू पेनिसिलिनला अजून दाद देतो. त्याला न जुमानणारा प्रकार रुग्णांत आजवर प्रस्थापित झालेला नाही. म्हणजे ज्या झडपेवर पुढे एमआरएसए बसेल, ती झडप खराब होण्यापासून वाचवणारे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि पूर्ण परिणामकारक आहे. हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनची एक सुई, बस्स.

ही सुई नियमित का मिळत नाही? रिअॅक्शनच्या भीतीने अनेक डॉक्टर आणि सिस्टर ती द्यायला धजत नाहीत. भीती खोटी नाही, पण मोजून पाहिली तर ती लहान आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली मांडले, की झडपा अतिशय खराब झालेल्या रुग्णांत सुईनंतर जे मृत्यू झाले, त्यांतले बरेच अॅलर्जीचे नसून आधीच थकलेल्या हृदयाचे असावेत. अशा रुग्णांना तोंडाने औषध द्यावे. बाकीच्यांना सुई द्यावी, अॅड्रेनालिन हाताशी ठेवावे. युगांडातल्या गुलू भागात झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेतला अगदी सुरुवातीचा बिघाड दिसलेल्या मुलांना दोन वर्षे सुई दिली, तर आजार वाढलेल्यांचे प्रमाण शंभरात एकाहून कमी राहिले. सुई न दिलेल्यांत ते शंभरात आठ होते. गुलू हा यादवीने होरपळलेला ग्रामीण प्रदेश. तिथे जमते, तर जव्हारच्या आश्रमशाळेत का जमू नये? आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातात आणि ऱ्हुमॅटिक हृदयविकार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये शाळकरी मुलांची इको तपासणी केली तेव्हा हजारी वीसच्या आसपास मुलांत झडपेचा बिघाड दिसला. नुसत्या स्टेथोस्कोपने सापडणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक. इको यंत्र आता हातात मावते. ते वर्षातून एकदा आश्रमशाळांत फिरवणे ही फार मोठी मागणी नाही.

अडचण आहे ती दिवाळीनंतरची. भात झोडून झाले की कुटुंबेच्या कुटुंबे जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, वाडा, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतता येत नाही. मूल आईबापांबरोबर जाते आणि एकवीस दिवसांची साखळी तुटते. यावर आईबापांना बोल लावणारे खूप आहेत. पण क्षयरोगाचा रुग्ण गाव बदलतो तेव्हा त्याची नोंद त्याच्या मागोमाग नव्या ठिकाणी जाते, औषध तिथे मिळते. ही व्यवस्था राज्यात चालू आहे. पेनिसिलिनची सुई घेणाऱ्या मुलासाठी ती नाही, कारण कुणी ती मागितली नाही.

पुढच्या पायरीवर होते ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. एखादा तरुण घ्या. झडप आधीच खराब आहे, त्याला ते ठाऊक नाही. त्याला बारीक ताप येऊ लागतो, घाम सुटतो, वजन उतरते. तो जवळच्या डॉक्टरकडे जातो; तिथे सलाईनची बाटली लावतात, त्यात सेफ्ट्रिअॅक्सोन किंवा अमिकासिन सोडतात. ताप उतरतो. चार दिवसांनी पुन्हा चढतो. दुसरा डॉक्टर, दुसरी बाटली. महिनाभराने तो नाशिकला, सिल्वासाला किंवा मुंबईला पोहोचतो तेव्हा त्याच्या रक्तात आधीच दिलेली औषधे असतात, रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, म्हणजे कल्चरवर, काहीच उगवत नाही. झडपेवर जंतू आहेत हे इकोत दिसते, पण ते कोण आहेत हे कळत नाही. मग समोरचा डॉक्टर, भला माणूस असूनही, सगळ्यांना लागू पडेल असा मोठ्या औषधांचा अंदाजपंचे मारा करतो. हे नशिबाचे चटके नाहीत. जंतू न सापडलेल्या झडपसंसर्गांचे प्रमाण भारतात श्रीमंत देशांपेक्षा बरेच जास्त आहे आणि त्याचे सर्वांत मोठे कारण आधी दिलेली प्रतिजैविके हेच आहे.

आता त्या ‘मोठ्या’ औषधाचे, उदाहरणार्थ व्हँकोमायसिनचे, बघा. स्टॅफिलोकॉकस मेथिसिलिनला दाद देणारा असेल, तर क्लॉक्सासिलिन किंवा सेफॅझोलिन ही साधी औषधे व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतात. व्हँकोमायसिनवर ठेवलेले असे रुग्ण अधिक दगावतात. म्हणजे जंतूचे नाव ठाऊक नसताना वरचे औषध देणे हा सावधपणा नव्हे, कित्येकदा तो रुग्णाचा तोटा असतो. व्हँकोमायसिनने मूत्रपिंडे बिघडू शकतात, त्याची रक्तातली पातळी मोजावी लागते. जंतू खरोखर एमआरएसए असेल तर तेच औषध, किंवा डॅप्टोमायसिन, द्यावेच लागते. पण ते कळायचे तर आधी रक्त घेतलेले असले पाहिजे.

नव्या औषधांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी त्यांच्या परवानग्या नीट वाचाव्यात. डॅप्टोमायसिनला अमेरिकेत २००६ साली या संसर्गासाठी मान्यता मिळाली ती हृदयाच्या उजव्या बाजूपुरती. सेफ्टोबिप्रोल २०२४ मध्ये मंजूर झाले, तेही उजव्या बाजूपुरतेच. त्याच्या चाचणीत डाव्या झडपांचे रुग्ण घेतलेच नव्हते. उजव्या बाजूचा संसर्ग मुख्यतः शिरेतून नशा करणाऱ्यांत आणि शिरेत नळ्या असलेल्यांत दिसतो. ऱ्हुमॅटिक आजार मात्र डावीकडची झडप, त्यातही मायट्रल झडप, खराब करतो. डॉक्टर डाव्या बाजूलाही डॅप्टोमायसिन वापरतात आणि ते योग्यच आहे. पण मोखाड्याच्या रुग्णाचे हृदय डोळ्यांपुढे ठेवून कुणी ही औषधे तपासलेली नाहीत, हे मान्य करून बोलले पाहिजे.

मग जव्हारला काय करता येईल? पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त कल्चरच्या बाटल्या ठेवता येतील. दहा दिवसांहून जुना ताप, सोबत हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, किंवा झडपेचा जुना आजार, असा रुग्ण आला की प्रतिजैविकाच्या पहिल्या सुईआधी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घ्यायचे, प्रौढांत प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. बाटलीला बर्फ लागत नाही. ती फ्रीजमध्ये ठेवायचीच नसते. काही तास ती खोलीच्या तापमानाला राहू शकते. जव्हारहून नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटर, मोखाड्याहून त्याहून कमी. सकाळी घेतलेली बाटली त्याच दिवशी तिथल्या प्रयोगशाळेच्या यंत्रात जाऊ शकते. कातडीवरचे जंतू मिसळून निष्कर्ष बिघडण्याचा धोका आहे, म्हणून सिस्टरांना नीट शिकवावे लागेल. तेवढे शिकवणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्याने क्षयरोगाकडे पाहावे. गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि क्षयाचा जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हे लहानशा केंद्रात सांगते. प्रतिरोधाची तपासणी आडगावी होत नाही, ही सबब त्या यंत्राने संपवली आहे.

सहा आठवड्यांच्या उपचाराचा प्रश्न उरतो, आणि ‘हे लोक मध्येच पळून जातात’ ही तक्रार इथूनच निघते. मुंबई जव्हारपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. रुग्णासोबत आलेल्या बापाने परळच्या फुटपाथवर सहा आठवडे काढायचे, रोजगार बुडवायचा, घरी दुसरी मुले कुणाच्या भरवशावर ठेवायची? तो चौथ्या आठवड्यात निघतो तेव्हा त्याला पळवून लावलेले असते. औषधाला दाद देणाऱ्या कित्येक स्ट्रेप्टोकॉकसांच्या संसर्गात चार आठवडे दिवसाला एकदा सेफ्ट्रिअॅक्सोन पुरते. डॅप्टोमायसिनही दिवसातून एकदाच द्यायचे असते. पहिले धोक्याचे दोन आठवडे मोठ्या रुग्णालयात काढून उरलेल्या सुया जव्हारला, घराजवळ, का देऊ नयेत? डेन्मार्कमधल्या चारशे रुग्णांच्या चाचणीने २०१८ मध्ये दाखवले, की प्रकृती स्थिरावलेल्यांना पुढचा उपचार तोंडाने दिला तरी निकाल खालावत नाही. त्या चाचणीत एमआरएसएचे रुग्ण नव्हते, म्हणून ती सगळ्यांना लावू नये. पण ज्यांना लागू पडते त्यांना तरी खाटेला खिळवून ठेवायचे कारण नाही.

खेड्यात सुया कोण देणार, असे विचारणाऱ्यांना महाराष्ट्रातच उत्तर मिळाले आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळांचा जंतुदोष ओळखायला आणि जेंटामायसिनची सुई द्यायला शिकवले. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या बायका मोठ्या पदव्या घेतलेल्या नव्हत्या. त्यांना नेमके निकष दिले होते, मोजलेली मात्रा दिली होती आणि त्यांच्या कामावर कुणीतरी सतत लक्ष ठेवून होते.

औषध दुकानांवर धाड घाला, ही मागणी मी अर्धीच मान्य करतो. वरच्या प्रतिजैविकांसाठी एच-१ अनुसूची २०१४ पासून लागू आहे आणि ती पाळली गेलीच पाहिजे. पण ज्या पाड्यावरून अजूनही बाळंतीण डोलीतून आणावी लागते, तिथे डॉक्टर पोहोचवण्याआधी दुकानाचे दार बंद करणे म्हणजे न्यूमोनियाच्या मुलाला औषधाविना ठेवणे.

शस्त्रक्रियेबाबत मात्र मोठ्या रुग्णालयाला पर्याय नाही. झडप फाटली, गळू झाले, हृदय थकू लागले तर वेळ न घालवता मुंबई गाठावी लागते. झडपसंसर्गाच्या जवळपास निम्म्या रुग्णांना ऑपरेशन लागू शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झडप बदलण्याचा खर्च बसतो. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातले पहिले हृदयारोपण केले. तिथल्या कौशल्याविषयी शंकाच नाही. केईएम मुंबई महापालिकेचे आहे. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरणही महापालिकेचेच, आणि ते मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ उभे आहे. महापालिकेच्या हृदयरोग विभागाने महिन्यातून एकदा जव्हारला इको आणि झडपांचा दवाखाना चालवावा, शंका आली तर फोनवर सल्ला द्यावा, हे मागणे उपकाराचे नाही, हक्काचे आहे.

खरी अडचण कामाच्या वाटणीत आहे. आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, कुटीर आणि ग्रामीण रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. पेनिसिलिनच्या मुलाची सुई कुणाच्या वहीत मांडायची, हेच ठरलेले नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे १९९०च्या दशकात जव्हारचे नाव राज्यभर गाजले, तेव्हापासून समित्या आल्या, अहवाल आले. आता आणखी एका समितीची गरज नाही. पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या तिन्ही खात्यांना एकत्र बसवून एकच नोंदवही, कल्चरच्या बाटल्या आणि नाशिकला जाणारी गाडी, एवढे येत्या स्थलांतराच्या हंगामाआधी ठरवावे.

आणि जव्हार, मोखाडा, खोडाळ्यात दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक विनंती. जुना ताप आणि छातीत मर्मर घेऊन कुणी समोर आले, तर सलाईनमध्ये काही सोडण्याआधी त्याला रक्तासाठी कुटीर रुग्णालयात पाठवा. आणि तिथे बाटली मिळाली नाही, तर ते लेखी कळवा.